जित्तं का मरेल?

मुनाफभाईंच्या दुकानात औषध मिळायचं, पण मागितल्याबरोबर मिळायचं नाही. आधी चौकशी व्हायची. कोणाला हवंय, पोट कधीपासून बिघडलंय, काल काय खाल्लं, डॉक्टरांनी अजून काय काय लिहिलंय. आणि हे सगळं भर दुकानात, चारचौघांसमोर, खणखणीत आवाजात. बायका तोंडाला पदर लावून उत्तरं द्यायच्या. मी तर पहिल्या दिवशी पार वैतागलो होतो.

तेव्हा मी अक्कलकुव्याला नवीनच बदलून आलो होतो. कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायचो. घर कळसाडीला, बायको-मुलं तिकडेच, आणि मी इथे एका खोलीत डब्यावर. घसा धरला म्हणून घेतलेल्या अँटिबायोटिकने पोटाचे असे काही हाल केले की तास अर्ध्यावर सोडून पळायची पाळी आली. डॉक्टरांनी पोटात चांगले जीवाणू सोडणारी एक पुडी लिहून दिली. ती घ्यायला हायवेलगतच्या दुकानात गेलो, तर काउंटरमागे पन्नाशीचा, पांढऱ्या टोपीतला, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला हा माणूस. माझं गाव विचारून घेतलं आणि कळसाडी म्हटल्यावर थेट आमच्याकडच्या अहिराणीवरच आला.

"सर, पुडी शे. पन देता येनार नही."

"का?"

"काल बठ्ठा दिन लाईट नव्हती. फ्रीज बंद. या मरी ग्यात."

शेजारचं कोणी गेल्याचं सांगावं तसं त्यांनी ते खालच्या आवाजात सांगितलं. मी म्हटलं, "अहो, पुडीवर तारीख पुढच्या वर्षाची आहे."

"तारीख कंपनीनी शे. लाईट अक्कलकुवानी शे."

यावर काय बोलणार? तरी मी बोललो. दुकानदार आहात का कोण, द्यायची तर द्या, नाहीतर सरळ नाही म्हणा, उगाच जीवशास्त्र शिकवू नका मला, असं बरंच काही. पोट बिघडलेल्या माणसाच्या रागाला काही धरबंध नसतो. मुनाफभाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटं पुढे सरकवली आणि मागच्या पडद्याकडे तोंड करून हाक मारली, "झुबेदा, सर के वास्ते छाछ देना जरा." पडद्यातून बांगड्यांचा हात बाहेर आला, हातात ताकाचा स्टीलचा लोटा. दुकानामागेच त्यांचं घर होतं. मी ताक प्यालो आणि निमूट परत गेलो.

दोन दिवसांनी ते स्वतः माझ्या खोलीवर आले. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या चार पुड्या. "आज लिया. जित्त्या शेतस," म्हणाले, आणि पाणी मागून पहिली पुडी मी त्यांच्यादेखतच घ्यावी म्हणून दारात उभे राहिले.

तेव्हापासून जुळलं आमचं. माणूस औषधशास्त्राची पदविका घेतलेला. इंग्रजी वाचायचा पण अडखळत, आणि वाचायची हौस मात्र दांडगी. मोबाइलवर कुठून कुठून पोटातल्या जीवाणूंवरचे लेख शोधून ठेवायचा. शुक्रवारी नमाजनंतर दुकान तासभर बंद असे. त्या तासात मी मागच्या ओट्यावर बसून लेख मोठ्याने वाचायचा, मराठीत सांगायचा, आणि मुनाफभाईंनी डोळे मिटून ऐकायचं. झुबेदाभाभी आत भाकरी थापता थापता ऐकत असत. मधेच थापणं थांबलं की समजायचं, भाभींना प्रश्न पडलाय. एकदा आतून आवाज आला, "सर, इतने सारे अंदर रहते, तो झगड़ते नहीं क्या?" तीस वर्षांत माझ्या वर्गातल्या एकाही पोराने इतका नेमका प्रश्न विचारला नाही. म्हटलं, भाभी, भांडतात तर! जागेसाठी भांडतात, खाण्यासाठी भांडतात. आपले भांडण जिंकत असले की आपण बरे असतो.

"फिर ठीक है," भाभी म्हणाल्या आणि भाकरी पुन्हा सुरू झाली.

वाचलेलं मुनाफभाई दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांना वाटून टाकत. पण त्यांच्या पद्धतीने. नुसते जीवाणू पोटात सोडून भागत नाही, त्यांना खायला लागतं, आपल्याला न पचणारा जो चोथा आतड्यात जातो त्यावर ते जगतात, हे मी 'प्रीबायोटिक' या नावाखाली त्यांना सांगितलं. त्यांनी नाव तिथेच सोडून दिलं आणि पुडी घेणाऱ्या प्रत्येकाला विचारायला लागले, "पाहुना बलाया. जेवन कथा शे?" म्हणजे, पाहुणा तर बोलावला, त्याचं जेवण कुठंय? माणूस गोंधळून बघत राही. मग हे बोटं मोडून सांगत: कांदा खा, लसूण खा, कच्चं केळं उकडून खा, भाकरी खा, हरभरे खा. "मैदाना बिस्कुट खाशी ते पाहुना उपाशी मरी." बाजाराच्या दिवशी डोंगरातून उतरणाऱ्या माणसांशी ते भिलीत बोलत, सुरतेकडून येणाऱ्याशी गुजरातीत. पण हा पाहुण्याचा प्रश्न चारही भाषांत तोच. गावात त्यांना काही जण 'पाहुणेवाले' म्हणत. त्यांना ते आवडायचं.

एक मात्र होतं, थापा मारू देत नसत. स्वतःलाही नाही आणि दुसऱ्यालाही नाही. खापर गावचे एक गृहस्थ एकदा म्हणाले, पुड्याबिड्या कशाला, आमचं घरचं ताक हेच सगळ्यावर औषध. मला वाटलं मुनाफभाई खूश होतील. ते म्हणाले, "ताक बेस शे. रोज पे. पन त्यामा कोन शे, कितला शे, तुले माहीत का? मले बी नही. मग त्याले औषध म्हनानं नही."

आणि जातीवरून घातलेला घोळ! म्हणजे जीवाणूंच्या जातीवरून. कंपनीचा एक प्रतिनिधी भर मे महिन्यात मोटारसायकलवर खोकं बांधून आला. टाय लावलेला, घामाने निथळणारा बिचारा. खोकं काउंटरवर ठेवलं तर मुनाफभाईंनी आधी त्यात थर्मामीटर खुपसला. तो त्यांनी फ्रीजमध्ये दोरीने टांगून ठेवलेला असायचा, सकाळ-संध्याकाळ बघून कॅलेंडरवर आकडा लिहायचे. प्रतिनिधी सांगत होता, डॉक्टर लिहितात त्याच नावाचा जीवाणू आहे, फक्त कंपनी वेगळी, गुण तोच.

"नाव तेच, मग गुन तोच?" मुनाफभाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "अक्कलकुवामा दहा मुनाफ शेतस. एक रिक्षा चालाडस, एक कोंबड्या ईकस, एक सालभर आजारीच शे. तुम्ही नुसतं 'मुनाफ' लिखीसन चिठ्ठी टाकशात, ते ती कोना घर जाई?"

"चाचा, मतलब?"

"मतलब बाप का नाम बताओ. मोहल्ला बताओ. पुडी पे नाम के आगे जो नंबर लिखते हैं, वो बताओ."

प्रतिनिधीकडे नंबर नव्हता. मुनाफभाईंनी खोकं दोरी बांधून परत त्याच्या हातात दिलं. वर त्याला भाभींच्या हातचं ताक पाजलं आणि ऊन उतरेपर्यंत पंख्याखाली बसवून ठेवलं. एकाच नावाच्या जीवाणूतही घराणी वेगळी असतात, एका घराण्यावर सिद्ध झालेला गुण दुसऱ्याला आपोआप लागू होत नाही, हे मी वर्गात खडू झिजवून शिकवतो. त्या दिवसापासून मी दहा मुनाफांचंच उदाहरण द्यायला लागलो. पोरं एकदम शहाणी झाली.

मालाचं खोकं आलं की आणणाऱ्याला त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "जित्तं का मरेल?" जिवंत की मेलेलं? सकाळी फ्रीज उघडून आतही तेच विचारत. मी चिडवायचो, म्हणायचो, उत्तर आलं तर मलाही कळवा. ज्या पुड्या गरमीत टिकतात, ज्यांतले जीवाणू बीसारखे निजून राहतात, त्या ते बाहेरच्या फळीवर ठेवत. पण ज्यांना थंडावा लागतो त्यांच्यासाठी लाईट गेली की भाई आणि भाभी दोघांची धावपळ. माठाला ओलं गोणपाट गुंडाळायचं, पुड्या डब्यात घालून डबा त्यात खोचायचा, दर तासाला पाणी मारायचं. पाणी मारायचं काम भाभींचं. त्या म्हणत, "मेरे तो बच्चे हुए नहीं, इनके ये लाखों-करोड़ों पाल रही हूँ." बोलायच्या हसून, पण मी पटकन विषय बदलायचो.

आता पुढचं लिहायलाच हवं.

मला येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील, त्या उन्हाळ्याच्या अखेरीला भाभींच्या छातीत कफ धरला, ताप हटेना. बाहेरगावी मोठ्या दवाखान्यात ठेवलं, जोराची अँटिबायोटिक्स दिली. ताप उतरला, छाती मोकळी झाली, आणि घरी आल्यावर जुलाब सुरू झाले. थांबेचनात. गावातले डॉक्टर घरी येऊन सलाईन लावून जात. मोठ्या दवाखान्यात परत नेऊ म्हटलं तर भाभी हात जोडत, आता मला हलवू नका. डॉक्टरांनी बाकीच्या औषधांबरोबर पुडी पण लिहिली. तीच, थंडीतली.

आणि नेमकं त्याच दिवशी वादळ झालं. खांब आडवे झाले, तारा रस्त्यावर, सगळं गाव अंधारात गेलं. भाभी खाटेवर होत्या, मुनाफभाई त्यांच्या उशाशी. गोणपाटावर पाणी मारायला कोण होतं? दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेलो तेव्हा मुनाफभाई फ्रीज उघडून उभे होते. थर्मामीटर हातात. बाहेर जेवढी गरमी तेवढीच आत.

"मरी ग्यात, सर. बठ्ठ्या."

भाभींनी खाटेवरून ऐकलं. आवाज अगदी क्षीण, पण चेष्टा तीच. "दे दो ना जी. मुर्दे ही दे दो. मेरे पेट में जा के जी जाएँगे."

"तुझे मुर्दा माल दूँ? मैं? अपने हाथ से?"

मुनाफभाईंचा आवाज चढला, तसा मी कधी ऐकला नव्हता. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, तुम्हीच सांगा तिले."

आणि मी सांगितलं. जीवशास्त्राचा मास्तर ना मी! म्हटलं, भाभी, मेलेल्या जीवाणूंचा काय उपयोग, ते म्हणजे नुसती पूड, मुनाफभाई म्हणतात ते बरोबर आहे. मला आठवतंय, हे सांगताना माझ्या आवाजात वर्गातला ठसका होता. भाभी हसल्या आणि कुशीवर वळल्या.

नंदुरबारला फोन लागला एकदाचा. तिथून बर्फाच्या खोक्यात पुड्या एस.टी.ने पाठवतो म्हणाले. पण रस्त्यावर झाडं पडलेली, गाड्या बंद. एक दिवस गेला. आणखी अर्धा दिवस. मी आणि मुनाफभाई स्टँडवर बसून. ते दर गाडीला उठत, कंडक्टरला विचारत, परत येऊन बसत. एकदा म्हणाले, "सर, सारा गावले पुडी दिधी मी. घरमाच नही." मी म्हटलं, येईल हो गाडी. दुसरं काय म्हणणार होतो?

गाडी आली. खोकं कंडक्टरच्या सीटखाली होतं, बर्फाचं पाणी झालेलं. मुनाफभाईंनी तिथेच, स्टँडच्या फरशीवर उकिडवं बसून, खिशातला थर्मामीटर आत खुपसला. लोक गोळा झाले. चष्मा डोळ्यांवर धरून त्यांनी आकडा वाचला आणि ओरडले, "जित्त्या शेतस! सर, जित्त्या शेतस!" एवढा आनंद! साठीकडे झुकलेला माणूस खोकं छातीशी धरून बाजारातून पळत घरी गेला.

भाभींनी त्या पुड्या दोन दिवस घेतल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या वेळेला, त्या गेल्या.

डॉक्टर मला नंतर स्पष्ट म्हणाले, पुडी दीड दिवस उशिरा आल्याने काही फरक पडला नाही, शरीरच थकलं होतं, पुडी म्हणजे वरचा आधार. मी ते मुनाफभाईंना सांगितलं. त्यांनी मान हलवली. पटलं होतं त्यांना. चाळिसावा दिवस झाल्यावर दुकान उघडलं, थर्मामीटर परत फ्रीजमध्ये टांगला, कॅलेंडरवर आकडे सुरू झाले. पाहुण्याला जेवण विचारायचे, पण हळू आवाजात. शुक्रवारचा आमचा तासही पुन्हा सुरू झाला. चहा आता मी करायचो. वाचता वाचता मी सवयीने थांबायचो, आतून काही प्रश्न येतोय का म्हणून, आणि मग पुढची ओळ वाचायला घ्यायचो.

वर्ष-दीड वर्ष असं गेलं. आणि मग एका शुक्रवारी मी माती खाल्ली.

लेख मीच शोधून आणला होता. नवीन आहे म्हणून, आणि त्यांना जरा बरं वाटावं म्हणून, बघा! आधी चाळूनही पाहिला नाही. ओट्यावर बसलो आणि मोठ्याने सुरू केलं. की आजवर आपण समजत होतो जीवाणू जिवंत असले तरच उपयोग. पण आता शास्त्रज्ञ म्हणतात, काही जीवाणू मेल्यावरही कामाला येतात. त्यांच्या अंगाचे तुकडे, त्यांनी तयार केलेली द्रव्यं, ही आतड्याला बळ देऊ शकतात. त्याला नावही दिलंय, पोस्टबायोटिक. मी रंगात आलो होतो. म्हणालो, मुनाफभाई, भारी आहे की नाही, म्हणजे मेलेला हत्तीसुद्धा सव्वा लाखा...

आणि तिथेच मला भाभींचं बोलणं आठवलं.

मुनाफभाईंनी डोळे उघडले होते. "परत वाचा, सर."

"जाऊ द्या हो. असेच लिहितात हे लोक."

"परत वाचा."

वाचलं. मग ते म्हणाले, "म्हनजे मरेल बी चालतस."

मी घाईघाईने सारवासारव करायला लागलो. सगळे नाही चालत, मुनाफभाई. ज्यावर तपासून पाहिलंय तेच. तुम्हीच सांगता ना, दहा मुनाफ. शिवाय ते ठरवून, मोजून, एका ठरावीक गरमीला मारलेले असतात. लाईट गेली म्हणून मेलेले नाहीत ते.

"मरनारले काय माहीत, सर, ठरवीसन मारं का लाईट गई म्हनीसन मरना?"

मी लेखाचं पान उलटलं. 

"आपली पुडी, ती, त्यामा शे का?" त्यांनी जीवाणूचं नाव घेतलं, पुढचा नंबरसुद्धा घेतला. मी लेख वरपासून खालपर्यंत पाहिला. दोनदा पाहिला. तो नंबर चालतो असंही कुठे नव्हतं, चालत नाही असंही नव्हतं.

"लिहिलेलं नाही," मी म्हणालो.

ते पडद्याकडे बघायला लागले. मग म्हणाले, "मांगे थे उसने. मुर्दे ही दे दो, बोली थी." आणि पहिल्यांदाच मी त्यांना रडताना पाहिलं. काही आवाज नाही, नुसता चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि पाणी गळू दिलं. मला वाटलं म्हणावं, चूक तुमची नाही, मी सांगितलं होतं त्यांना, मी, जीवशास्त्राच्या मास्तराने. तसं म्हणालोही. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुम्हनं काय चुकनं, सर? तवय जे माहीत व्हतं ते सांगं." एवढं समजूतदार बोलले, आणि त्यानेच मी जास्त ओशाळलो. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर त्यांनी लेख वाचायला सांगितले नाहीत. मी शुक्रवारी जायचो, आम्ही चहा प्यायचो, पावसापाण्याचं बोलायचो.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. सामान आधीच कळसाडीला रवाना केलं होतं. शेवटच्या दिवशी हातात एक पिशवी तेवढी. स्टँडवर जायच्या आधी निरोप घ्यायला दुकानात गेलो. सकाळपासून लाईट नव्हती. पंखा बंद, मुनाफभाई पुठ्ठ्याने वारा घेत होते. माठाला गोणपाट होतं, पण कोरडं.

बोलणं सुरू होतं न होतं तोच डोंगराकडची एक बाई आली. हातात डॉक्टरांची चिठ्ठी. सासूला घेऊन चार दिवस दवाखान्यात होती, आता घरी नेत होती, जीप बाहेर उभी. मुनाफभाईंनी चिठ्ठी वाचली. मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटं काढली, गोळ्या काढल्या, कसं घ्यायचं ते भिलीत नीट समजावलं. मग फ्रीज उघडला. थर्मामीटर पाहिला. पुडी बाहेर काढली आणि ती हातात धरून तसेच उभे राहिले.

पूर्वी असते तर एका वाक्यात मोकळे झाले असते. बाईने हात पुढे केला. यांचा हात हलेना.

"चाचा, द्या ना," बाई म्हणाली.

"बहन, लाईट नव्हती. या मरेल शेतस... बहुतेक."

हा 'बहुतेक' शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

जीपवाला हॉर्न वाजवत होता. बाईने एकदा बाहेर पाहिलं, एकदा पुडीकडे. म्हणाली, मेलेली असली तर असू दे चाचा, डोंगरावर परत कधी यायला होतंय, काय माहीत. तीच द्या.

मुनाफभाईंनी माझ्याकडे पाहिलं. "सर, तुम्ही सांगा. देऊ का नको देऊ?"

मी तोंड उघडलं. तीस वर्षं पोरांना शिकवलं मी, हजारदा फळ्यावर आतडं काढलं. आणि मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. स्टँडवर माझी गाडी लागल्याचं कोणीतरी ओरडून सांगत होतं. येतो, मुनाफभाई, एवढंच कसंबसं म्हणालो आणि पायरी उतरलो.

रस्ता ओलांडून मागे वळून पाहिलं. मुनाफभाईंनी पुडी बाईच्या तळव्यावर ठेवली होती. पण सोडली नव्हती. बाई ओढत नव्हती, ते देत नव्हते, दोघं पुडी धरून तशीच उभी होती आणि जीप हॉर्न वाजवत होती.